जमातीपुढं बोलायचं होतं

धाकट्या बहिणीला दहावीला चांगले मार्क पडले आणि अकरावी सायन्सच्या यादीत तिचं नाव कोल्हापुरातल्या एका चांगल्या कॉलेजला लागलं, तरी आमच्या घरी पेढे आले नाहीत. अब्बा चिकनच्या दुकानातून आले, मोरीत हात धुतले, आणि तिनं पुढं केलेला मोबाईल लांब धरून त्यांनी यादी पाहिली. मग म्हणाले, "बडेअब्बांना इचारतो."

बडेअब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. कोल्हापूरजवळ, गडमुडशिंगीच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथल्या मशिदीच्या जमातीत ते पंच आहेत. आमच्या घरात मराठी आणि दखनी अशी मिसळून चालते, पण बडेअब्बा महत्त्वाचं बोलायचं झालं की मराठीतच बोलतात आणि आवाज एवढा मोठा लावतात की गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही.

चार वर्षांपूर्वी मी अकरावी सायन्सला आणि दोन वर्षांपूर्वी बीएस्सीला गेले तेव्हा कुणी फार अडवलं नव्हतं. घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळं सायन्स म्हणजे नेमकं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर हळूहळू कळलं. प्रॅक्टिकल असलं की मला यायला अंधार पडतो, एप्रनला औषधाचा वास येतो, मी काहीतरी कापते, आणि वरून टीव्हीवर माणूस माकडापासून झाला म्हणणारे लोक तेच शिकलेले असतात. हे सगळं बडेअब्बांच्या कानावर गेलं होतं. म्हणून बहिणीच्या वेळेला प्रश्न अवघड झाला.

ते त्याच संध्याकाळी आले. चहाचा कप हातात घेऊन अब्बांना म्हणाले, "एक गेली तवा मी काय बोललो न्हाय. दुसरीबी तिकडंच?"

"पोरगी हुशार हाय," अब्बा म्हणाले.

"हुशार हायच की. हुशारच बिघडत्यात." मग ते माझ्याकडं वळले. "आयतवारी जमातीचा गुणगौरव हाय. ह्या खेपेला दीन आणि विज्ञान, आपला धर्म आणि सायन्स, असा विषय ठेवलाय. बाहेरचा माणूस आणण्यापरास तूच बोल. दोन वर्षांत कॉलेजनं काय शिकवलं ते जमातीला कळू दे. कुराणात सगळं आधीच हाय, ह्ये सायन्सच्या तोंडून ऐकलं म्हंजे लोकांचीबी भीती जाईल. मग धाकटीचं बघू."

बहिणीनं दाराआडून माझ्याकडं पाहिलं. सोमवारी प्रवेश निश्चित करायची शेवटची मुदत होती आणि पालकांची सही लागणार होती. रविवारी माझं भाषण. यात सांगण्यासारखं काही गुंतागुंतीचं नव्हतं. मी नीट बोलले तर अब्बा सोमवारी सही करणार होते.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रमाची जबाबदारी बडेअब्बांच्या मुलावर होती. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत चटईवर बसून त्यानं मला सगळं दाखवलं. लोखंड आकाशातून आलं. दोन समुद्रांचं पाणी मिसळत नाही. विश्व पसरतंय. आणि शेवटी, त्याच्या मते सगळ्यात भारी, आईच्या पोटातलं बाळ. कुराणातल्या एका आयतीत, म्हणजे वचनात, गर्भाच्या पायऱ्या सांगितल्यात. आधी थेंब, मग चिकटून राहणारं काहीतरी, मग चावल्यासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. स्क्रीनच्या एका बाजूला दातांनी चावलेलं च्युइंगम होतं आणि दुसरी बाजू अजून रिकामी होती.

"हितं बाळाचा फोटो टाकायचाय," तो म्हणाला. "दातांच्या खुणा कशा बरोबर बसत्यात बघ. चौदाशे वर्षांमागं मायक्रोस्कोप हुता का? सांग."

मी सांगितलं की त्या दातांच्या खुणा नसतात. पाठीच्या बाजूला मण्यांसारखे ठोकळे तयार होतात आणि त्यांतूनच पुढं मणकेही होतात आणि स्नायूही. म्हणजे हाडं आधी आणि मांस नंतर असं काही आमच्या पुस्तकात नाही. दोन्ही साधारण बरोबरीनंच होत जातं.

मग त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला.

"तू कॉलेजात बसतीस. मी भट्टीवर असतो. चहाच्या सुट्टीत ती पोरं मला काय म्हणत्यात ठावं हाय? तुमची लोकं मागंच ऱ्हायली. तुमच्यात कवा शोध लागला कशाचा? हसत-हसत म्हणत्यात, दोस्तच हायत. पण रोज. मग मी काय सांगू त्यांना? ह्ये सांगतो. ह्ये सांगितलं की दोन मिनिटं तरी गप बसत्यात."

त्याचं दुखणं खरं होतं. मी बसमध्ये, कँटीनमध्ये असलं बोलणं ऐकलंय आणि खिडकीबाहेर बघत बसलेय. त्याच्याकडं निदान एक फाईल तरी होती.

"तू एवढंच कर," तो म्हणाला. "पाच मिनिटं बोल, की मी हे सगळं मायक्रोस्कोपमधून स्वतः बघितलंय. बाकीचं मी सांगतो. जुळतं का न्हाय ते तू बोलूच नको."

मला ते बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. स्वतः बघितल्याचं सांगायला मला काहीच अडचण नव्हती.

कारण मी बघितलं होतं. मागच्या सत्रात आमचं कोंबडीच्या गर्भाचं प्रॅक्टिकल होतं. बाजारातली अंडी त्याला चालत नाहीत, कोंबड्यासोबत फिरणाऱ्या गावरान कोंबडीचीच लागतात. वर्गात ती मीच नेली होती, बडेअब्बांच्या बायकोच्या, म्हणजे बडीअम्मांच्या खुराड्यातली. अंडी उबवणी यंत्रात ठेवायची. दोन दिवसांनी कोमट मिठाच्या पाण्यात फोडायची. मग गाळणकागदाची कडी कापून बलकावरच्या चकतीवर ठेवायची, भोवतीनं कातरीनं कापायचं आणि सगळं अलगद उचलायचं. माझ्या पहिल्या दोन चकत्या फाटल्या. तिसरी आली, एका कडेला थोडी टरकली, पण आली. काचेखाली हृदय हलत होतं. अजून चोच नव्हती, पंख नव्हते, कोंबडी म्हणावं असं काहीच नव्हतं आणि हृदय हलत होतं. माझ्या तोंडून आपोआप सुभानअल्ला निघालं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं बाजूला सर की, मला बघू दे." नंतर रंग देऊन त्याची स्लाइड केली आणि मी मोबाईलवर फोटो काढून बहिणीला पाठवला होता.

शुक्रवारी मी आमच्या मॅडमना विचारायला गेले. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही असं बघूनच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुस्तकात काय आहे ते मी तुला सांगू शकते. तुझ्या धर्मग्रंथात काय आहे त्यावर मी बोलणं बरोबर नाही. आणि हल्ली तर..." त्यांनी दाराकडं पाहिलं. "माझं नाव घेऊ नकोस हं, बाळा. मी काही म्हणाले असं कुठं येऊ देऊ नकोस."

त्या माझ्यावर माया करतात. पण त्या दिवशी त्यांनाही भीती वाटत होती आणि ती भीती फक्त माझ्यासाठी नव्हती, स्वतःसाठीही होती, एवढं मला जिन्यावरून उतरताना कळलं.

खाली तीच प्रॅक्टिकलची मैत्रीण उभी होती. ती गारगोटीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, तिच्याकडंही आधी कुणी कॉलेजला आलेलं नाही. तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली.

"त्यात काय एवढं? आमचा आज्जा म्हणतोय, विमानं आपल्यातच पहिल्यांदा उडाली. टेस्ट ट्यूब बेबीबी आपल्यातच. मी एकदा म्हटलं, मग आज्जा, आपल्या गावाला एसटी का न्हाय येत? चार दिवस बोलला न्हाय माझ्यासंगं."

"मग तू काय केलंस?"

"काय करतीस? पाचव्या दिवशी म्हटलं, उडाली असतील विमानं. आज्जा खूश." मग तिचं हसू थोडं कमी झालं. "पण मला कुणी गावापुढं माईक न्हाय दिला बाई. तुझं अवघड हाय."

रविवारी सकाळपासून मशिदीच्या भोंग्यावरून कार्यक्रमाचा पुकारा होत होता. त्यात माझा उल्लेख "आपल्या गावची पहिली महिला डॉक्टर" असा झाला. मी प्राणिशास्त्र शिकते, पण सायन्सची मुलगी म्हणजे डॉक्टरच असा गावात समज आहे. दुपारपर्यंत दोन बायका गुडघेदुखीचं औषध विचारून गेल्या. बहीण आतून हसत होती आणि मग गप्प होत होती. तिनं कॉलेजला न्यायचे कागद एका पिशवीत घालून ती खिळ्याला अडकवून ठेवली होती. येता-जाता तिचा हात त्या पिशवीला लागत होता.

जमातीचा हॉल मशिदीला लागूनच आहे, लग्नाबिग्नाला वापरतात. कार्यक्रमात पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसतात, मध्ये कनात असते. त्या दिवशी चुलतभावानं कनातीच्या मधल्या भागात पांढरी चादर ताणून बांधली होती, कारण प्रोजेक्टरला दुसरा पडदा नव्हता. त्यामुळं पुरुषांना चित्र सरळ दिसत होतं आणि आम्हा बायकांना तेच चित्र मागून, उलटं. माईकची वायर चादरीखालून आमच्या बाजूला सरकवली होती. म्हणजे मी पुरुषांना दिसणार नव्हते आणि मला त्यांचे चेहरे दिसणार नव्हते. खोकला, कुजबूज आणि पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अब्बा पलीकडं कुठं बसलेत तेही मला ठाऊक नव्हतं.

आधी दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. बहिणीला स्टीलचा डबा आणि गुलाबाचं फूल मिळालं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि डबा मांडीवर घट्ट धरला. मग माझं नाव पुकारलं.

मी पाच मिनिटंच बोलले. दोनदा अडखळले. म्हणाले की प्रयोगशाळेत गेल्यावर जे दिसतं त्यानं माणूस लहान होतो. एवढ्याशा गोष्टीत एवढी शिस्त असते. मी जेव्हा पहिल्यांदा बघितलं तेव्हा अल्लाची आठवण झाली. हे मी मनापासून बोलले. एकही शब्द खोटा नव्हता. पलीकडून "माशाअल्ला" असा आवाज आला, बहुतेक बडेअब्बांचा. बहिणीनं माझा गुडघा दाबला. झालं, असं मला वाटलं.

माईक मी चादरीखालून परत देणार तेवढ्यात चुलतभाऊ पलीकडच्या माईकवरून म्हणाला, "राहू दे तुझ्याकडं. लागंल."

त्यानं फाईल सुरू केली. लोखंड झालं, समुद्र झाले. लोक मन लावून ऐकत होते. मग च्युइंगमचं चित्र आलं आणि त्याच्या शेजारी, आता ती बाजू रिकामी नव्हती. लालसर रंगाचा, वाकलेला, पाठीवर मण्यांची रांग असलेला गर्भ होता.

चादर माझ्यापासून हातभर अंतरावर होती. चित्र उलटं होतं तरी मला लगेच कळलं. एका कडेला चकती टरकली होती. ती टरक मीच पाडली होती, कातरीनं.

"हे बघा," तो म्हणत होता, "हे माणसाचं बाळ. आईच्या पोटातलं. बघा दातांच्या खुणा. आता कुणी म्हणंल, हे इंटरनेटवरनं आणलं, परदेशातनं आणलं. न्हाय! हा फोटो आपल्या गावच्या पोरीनं स्वतः काढलाय. मायक्रोस्कोपमधनं. आपल्याच पोरीनं!"

"सुभानअल्ला," पलीकडून खूप जण एकदम म्हणाले. माझ्या मागं बसलेल्या बायकाही म्हणाल्या.

मी बहिणीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "मी स्टेटसला ठेवला होता," ती ओठांनीच म्हणाली. "आपाचं प्रॅक्टिकल म्हणून." त्यानं तिथूनच घेतला असणार. त्यानं लबाडी केली असं मला आजही वाटत नाही. डॉक्टर बहिणीच्या मायक्रोस्कोपखाली बाळच असणार, असं त्यानं धरून चाललं होतं.

मी गप्प बसणार होते. हे लिहायला सोपं नाही, पण गप्पच बसणार होते. सोमवार डोळ्यांपुढं होता. एवढ्यात तो म्हणाला, "सांग गं. तूच काढलास ना हा फोटो? खरं हाय का न्हाय, जमातीला सांग."

माईक माझ्या हातात होता. सगळा हॉल थांबला होता. बहिणीचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता, पण आता तो दाबत नव्हता, नुसता पडला होता. एक "व्हय" म्हणायचं होतं. फोटो मीच काढला होता, म्हणजे तसं बघितलं तर "व्हय" खोटंही नव्हतं.

"फोटो मी काढलाय," मी म्हणाले. माझा आवाज स्पीकरमधून परत माझ्याच अंगावर आला. "पण तो माणसाचा नाही. कोंबडीचा आहे."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"कशाचा?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"कोंबडीचा. दोन दिवस उबवलेल्या अंड्यातला."

माझ्या मागून बडीअम्मांनी कुजबुजत विचारलं, "माझी अंडी न्हेलीस त्यातलं? तांबडीचं?" आणि कुणीतरी त्यांना चूप केलं. पुरुषांच्या बाजूला एक पोरगा फिसकन हसला. "म्हंजे आपण कोंबडीला सुभानअल्ला म्हटलं व्हय?" त्यावर दुसरा, वयस्कर आवाज आला, "मग? कोंबडी काय दुसऱ्या कुणी केली, आं?" आणि थोडे लोक हसले. त्या एका क्षणात मला वाटलं की निभावलं.

पण चुलतभाऊ हसला नाही. त्याचा आवाज बदलला होता. "म्हंजे तू आयत चूक म्हणतीस?"

"नाही. आयत चूक म्हणत नाही. फोटो चुकलाय."

"मग माणसाचा फोटो लावला तर जुळंल का न्हाय? एवढंच सांग."

तो मला अडकवत होता असं नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते "जुळेल" असंच हवं होतं. त्याच्यासाठीच मला ते म्हणावंसं वाटलं, बहिणीपेक्षाही त्या घटकेला त्याच्यासाठी.

"काही जुळेल, काही नाही," मी म्हणाले. पुढचं मी कसं बोलले ते मला नीट आठवत नाही, बहीण सांगते ते असं. मी म्हणाले की आमच्या कॉलेजची पुस्तकं दर काही वर्षांनी बदलतात, सर स्वतः सांगतात जुनी आवृत्ती वापरू नका. आज जुळतं म्हणून आपण आयत त्या पुस्तकाच्या दावणीला बांधली, आणि उद्या ते पुस्तक बदललं, तर आपण काय करायचं? आयत सोडवून दुसऱ्या दावणीला बांधायची? मला ते बरं वाटत नाही. मी नमाज पढते तेव्हा पुस्तक उघडून जुळतंय का बघत नाही.

एवढं बोलून मी माईक खाली ठेवला. तो फरशीवर आपटला आणि स्पीकरमधून मोठा खरखराट झाला. चादरीवरचं चित्र विझलं. इमामसाहेबांनी दुआ सुरू केली, नेहमीपेक्षा आखूड, आणि कार्यक्रम संपला. चहा ठेवला होता, पण बरेच लोक तसेच गेले.

बाहेर आले तर चुलतभाऊ पोरांच्या घोळक्यात होता. मला वाटलं भांडण चाललंय. जवळ गेल्यावर ऐकू आलं. तो एकेकाला विचारत होता, "रेकॉर्डिंग केलास का? दाखव मोबाईल. पुसून टाक. आईची शपथ घे." एक जण म्हणाला, "अरे गंमत हुती की." त्यावर तो म्हणाला, "तुला गंमत. ही क्लिप बाहेर गेली तर फौंड्रीत मला तोंड दाखवता येणार न्हाय." त्यानं मला पाहिलं आणि मान वळवली.

घरी बहीण माझ्याशी बोलली नाही. स्टीलचा डबा तिनं फळीवर ठेवला, आणि पिशवी खिळ्यावरून काढून आतल्या खोलीत नेली. भाकरी वाढताना अम्मा म्हणाली, "तुला आजच बोलायचं हुतं?" मी म्हटलं, "त्यानं विचारलं ना अम्मा." अम्मा म्हणाली, "इचारलं म्हणून काय झालं. लोकं जेवलास का म्हणून इचारत्यात, उपाशी असलं तरी आपण व्हय म्हणतोच की."

बडेअब्बा आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"जमातीपुढं माझ्या पोराचं नाक कापलंस," ते मला म्हणाले. मग अब्बांना, "आता दुसरीला पाठीव. ती माझं कापंल."

अब्बा म्हणाले, "ती खोटं बोलली असती तर चाललं असतं?"

"खोटं बोल कोण म्हटलं? फोटो तिचाच हुता. व्हय म्हणायचं. एक व्हय म्हणायला काय जात हुतं?"

तो प्रश्न मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलाय. कुणाचं काय गेलं असतं? चार लोक खूश होऊन घरी गेले असते. चुलतभावाकडं त्याचं उत्तर राहिलं असतं. मला वाटतं, मीच तेवढी त्यांच्यात उरले नसते. पण हे तेव्हा मला असं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी बडेअब्बांपुढं बोलवलं नसतं.

जाता-जाता ते थांबले. "इमामसाहेब काय म्हटले ठावं हाय? बच्ची की आवाज काँप रही थी. एवढंच म्हटले. कशानं कापतो आवाज? चुकी केल्यानं कापतो."

ते गेल्यावर अब्बांनी दाराला कडी लावली. मग मला एवढंच म्हणाले, "मीबी ऐकलं. भ्यायलीस, न्हाय?"

मी मान हलवली. ते उठून झोपायला गेले. सहीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

सोमवारी पहाटे ते नेहमीप्रमाणं दुकानाला गेले. बहीण उठून बसली होती, कपडे बदललेले नव्हते. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता काम करत होतो. अम्मानं दोनदा पोहे गरम केले. मग नऊच्या सुमारास अब्बा परत आले. दुकानाचं शटर अर्धं ओढून आलो म्हणाले. त्यांनी आंघोळ केली, जुम्म्याला घालतात तो पांढरा शर्ट घातला, आणि बहिणीला विचारलं, "कागदं कुठं हायत?"

केएमटीची बस पकडून आम्ही कोल्हापूरला निघालो. वाटेत बडेअब्बांच्या ओळखीचे एक जण चढले, त्यांनी अब्बांना सलाम केला आणि पुढं जाऊन उभे राहिले. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. शर्टाच्या बाह्या त्यांनी मनगटापर्यंत बंद केल्या होत्या, तरी हाताला मसाल्याचा आणि कोंबडीचा वास होता. तो कधीच पूर्ण जात नाही.

कॉलेजच्या खिडकीशी गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी कागद उलटपालट केले आणि विचारलं, "पालक आलेत का?"

"मी," अब्बा म्हणाले आणि पुढं सरकले. बाईंनी बोट ठेवलं तिथं त्यांनी सावकाश सही केली. ते मराठीत सही करतात, शाळेत शिकले तशी, एकेक अक्षर सुटं.

"विषय?" बाईंनी बहिणीला विचारलं. "फिजिक्स, केमिस्ट्री आहेच. बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही घेणार?"

मला उत्तर माहीत होतं. सातवीपासून ती माझी बायोलॉजीची पुस्तकं वाचत होती. बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात हे तिला माझ्याआधी पाठ होतं. आणि तो फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता तो उगीच नव्हे.

"बायोलॉजी नको," ती म्हणाली. "मॅथ्स घेते. आणि कॉम्प्युटर."

मी म्हणाले, "अगं, तुला तर..."

"नको आपा." ती माझ्याकडं वळली, आणि कालपासून पहिल्यांदाच नीट माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "गणितात जमातीपुढं बोलायला लागत नाही."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली. अब्बांना आम्ही काय बोललो ते कळलं नसावं, किंवा कळलं असेल. पावती घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि विचारलं, "झालं न्हवं?"

"झालं," बहीण म्हणाली.

ते आमच्या पुढं चालायला लागले. फाटकापाशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "तुम्ही बसनं जावा. मी दादाच्यात जाऊन येतो. मी सांगितलं न्हाय आणि त्याला बाहेरनं कळलं, तर बरं दिसायचं न्हाय."

बडेअब्बांचा दरवाजा त्या दिवशी त्यांच्यासाठी उघडला. चहाही दिला, असं अम्मानं बडीअम्मांकडून ऐकलं. पण चुलतभाऊ अजून आमच्याकडं येत नाही. रस्त्यात दिसला तर बहिणीला अभ्यासाचं विचारतो, मला नाही. एकदा मी त्याला थांबवून म्हणाले की भट्टीवर ती पोरं पुन्हा काही म्हणाली तर आपण दोघं मिळून शोधू, आपल्या लोकांनी काय-काय शोध लावले, दुर्बिणीचे, गणिताचे, औषधांचे. ते पुष्कळ आहेत आणि त्यासाठी आयतीला हात लावायची गरज नाही. त्यानं ऐकून घेतलं. गाडीला किक मारली आणि म्हणाला, "बघू."